साडूच्या घराचं भाडं

साडूच्या बाथरूमला खिडकी आहे हे दातवाल्यांना एका मंगळवारी कळलं, आणि त्या दिवसापासून त्यांच्या अंगाला अंघोळ लागेनाशी झाली.

फोटो मोबाइलवर आला होता. खिडकी उघडी, बाहेर कुठल्याशा झाडाची फांदी, आणि खाली साडूने लिहिलेलं, 'अंघोळ करता करता पाखरं बघतो, दादा!' दातवाल्यांनी तो फोटो बायकोला दाखवला नाही. पण बायकोला तिच्या धाकट्या बहिणीकडून तोच फोटो सकाळीच आला होता, आणि तिनेही तो नवऱ्याला दाखवला नव्हता. दोघंही दिवसभर एकमेकांपासून एक खिडकी लपवत होती.

दातवाले कवळ्या बनवायचे. सासऱ्यांना दोन जावई, आणि दोघांनाही कामावरून नावं पडलेली, थोरले दातवाले आणि धाकटा फरशीवाला. दातवाले एकाच लॅबमध्ये वीस वर्षं होते. डॉक्टर पेशंटच्या हिरड्यांचं माप पाठवायचे, हे त्याचा प्लास्टरचा साचा काढायचे, मेणात एकेक दात बसवायचे, आणि म्हातारीचे दात म्हातारीचेच दिसतील, नटीचे दिसणार नाहीत, इतक्या बारकाईने घासायचे. हाताला नाव होतं. घराचं मात्र काही खरं नव्हतं. तिसऱ्या मजल्यावर दीड खोली. पगारातला निम्म्याहून मोठा घास घरमालकाच्या तोंडात जायचा. बाथरूम असं की साबण हातातून सुटला तर दार उघडून बाहेर यायचं आणि मग वाकायचं. बारा वर्षांची मुलगी ओट्यावर वह्या मांडून बसली की स्वयंपाक थांबायचा, आणि स्वयंपाक सुरू झाला की अभ्यास.

फरशीवाला चार वर्षांपूर्वीपर्यंत याच शहरात, यांच्याहूनही लहान खोलीत राहायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या ऐसपैस हॉलमध्ये फरशा बसवायचा आणि संध्याकाळी स्वतःच्या खोलीत पाय दुमडून जेवायचा. त्या काळात दातवाल्यांचा त्याच्यावर फार जीव होता. सल्ले द्यायचे, अडीनडीला हात द्यायचे. आपल्यापेक्षा कमी असलेल्या माणसावर माया करणं सोपं असतं.

मग फरशीवाल्याने एक दिवस गाशा गुंडाळला आणि तो सहा तासांवरच्या दुसऱ्या शहरात गेला. तिथे बांधकामं निघाली होती. "चार महिन्यांत परत येतो बघ," असं दातवाले बायकोला म्हणाले होते. चार महिन्यांत तो आला नाही, पण त्याचे फोटो येऊ लागले. आधी हॉल, मग दोन झोपायच्या खोल्या. मग गच्ची. दर फोटोखाली एक ओळ ठरलेली, 'तुमच्या भाड्याच्या तिसऱ्या हिश्श्यात, दादा!'

ती ओळ दातवाल्यांना दाताखाली खडा यावा तशी लागायची. ते उत्तरात अंगठा पाठवायचे आणि मोबाइल पालथा ठेवायचे.

खिडकीच्या फोटोनंतर मात्र बायकोने तोंड उघडलं. "अहो, आपण का नाही जाऊ शकत?"

"तिथे पगार कमी असतो."

"किती कमी?"

दातवाल्यांना माहीत होतं. त्यांनी तिथल्या एका लॅबला गुपचूप फोन करून विचारलंही होतं. पण ते म्हणाले, "बघावं लागेल."

"मग बघा ना. जाऊन बघा. इथे भिंतींना पाठ घासत अंघोळ करायची काही शपथ घेतलीय का आपण?"

लॅबने त्यांना दोन दिवस काम करून दाखवायला बोलावलं. उतरायचं कुठे, हा प्रश्नच नव्हता. साडूकडे. बसमध्ये बसल्या बसल्या त्यांनी दोन्ही शहरं एका कागदावर समोरासमोर मांडली. तिकडे पगार चौथाईने कमी, पण भाडं तिसरा हिस्सा. बसचा खर्च निम्मा. शाळा जवळ. कुठूनही मोजलं तरी तिकडचं पारडं जड होत होतं, आणि ते जसजसं जड होत गेलं तसतसा दातवाल्यांचा चेहरा उतरत गेला. स्वतःचा फायदा दिसत असताना माणसाचं पोट दुखावं, हे त्यांचं त्यांनाच कळेना. त्यांना कागदावर कुठेतरी साडू चुकलेला हवा होता.

साडूचं घर त्यांनी पोलिसाच्या नजरेने पाहिलं. ओल शोधली. भिंतीला हात लावला, कोरडी. नळ सोडला, पाण्याला जोर. खिडकीशी उभं राहून गटाराचा वास येतो का ते पाहिलं. वास येत होता, पण तो मेहुणीने वाळत घातलेल्या चादरींच्या साबणाचा. बाथरूममध्ये खिडकी होतीच. फांदीही होती. पाखरू मात्र एकही नव्हतं, तेवढाच दिलासा.

"फरशी बघितलीस का, दादा?" साडूने विचारलं. "आधी सगळं फुटकं होतं. मीच बसवली. साइटवरचे उरलेले तुकडे गोळा केले आणि दोन महिने कामावरून आल्यावर थोडी थोडी. मालकीणबाई म्हणाल्या, तू मजुरी घेऊ नकोस, मी भाडं वाढवणार नाही. झालं!"

उरलेल्या तुकड्यांची ती फरशी पाहून दातवाल्यांच्या हातातला कारागीर क्षणभर सगळं विसरला. करडा, तांबूस, पांढरा, सगळे तुकडे असे जुळवले होते की कुठे नख अडकत नव्हतं. "छान केलंस," ते म्हणाले, आणि ते खरं होतं म्हणूनच त्यांना ते म्हणायला फार कष्ट पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेहुणी चहा घेऊन गच्चीवर आली. हसत हसत म्हणाली, "भाऊजी, खरं सांगू? तुमचं अख्खं घर आमच्या या गच्चीत मावेल. ताई कशी राहते तिथे, मला तर आता आठवलं तरी गुदमरायला होतं."

तिच्या पोटात काही नव्हतं. लहानपणापासूनच तिला बोलायच्या आधी विचार करायची सवय नव्हती. पण दातवाल्यांनी त्या दिवशी लॅबमध्ये कवळी घासताना चार वेळा मनातल्या मनात तिला उत्तर दिलं, आणि चारही वेळा ते उत्तर अपुरं पडलं. काम मात्र इतकं सुरेख झालं की लॅबच्या मालकाने तिथल्या तिथे सांगितलं, "दोन महिन्यांनी या. जागा तुमची." म्हणजे आता तेही इथे येणार, आणि जन्मभर साडूच्या मागून आलेले म्हणून राहणार.

याच मनःस्थितीत ते साडूच्या घरी परतले तेव्हा मालकीणबाई तळमजल्याच्या दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या, बोलायला माणूस मिळाला की न सोडणाऱ्या.

"तुम्ही वरच्यांचे साडू ना? मोठ्या शहरातले?"

"हो, मावशी."

"तिथे घरं फार महाग म्हणतात. तुम्हाला तुमच्या घराचं भाडं केवढं पडतं हो?"

साधा प्रश्न. 'महागच असतं' म्हणून जिना चढता आला असता. पण दातवाले थांबले. त्यांनी आकडा सांगितला. तो खोटा नव्हता, एका पैशानेही नव्हता. बाईंनी तो पुन्हा सांगायला लावला.

"अगंबाई! तिप्पट?"

"तिप्पटच. आणि इथेही आता पूर्वीसारखं राहिलं नाही म्हणे. इथल्या लॅबमधले एकजण मागच्याच गल्लीत राहतात, ते यांच्या दीडपट देतात. तेही फुटक्या फरशीच्या घराला." मग जिन्याच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवून, अगदी प्रेमाने, ते म्हणाले, "तुम्ही फार साध्या आहात, मावशी."

बाईंनी खुर्ची जरा पुढे ओढली. मग म्हणाल्या, "तुम्हीही इकडे घर बघताय ना? नंबर देऊन ठेवा तुमचा."

त्यांनी नंबर दिला. जिना चढताना त्यांना ठसठसणारा फोड फुटल्यावर वाटतं तसं मोकळं वाटलं. त्या संध्याकाळी ते साडूशी फार गोड बोलले. मेहुणीने वाढलेलं दोनदा मागून घेतलं.

ते स्वतःच्या घरी आल्यावर बायकोने आनंदाने शेजारणीकडून रिकामी खोकी आणायला सुरुवात केली. दातवाले जिन्यातलं ते बोलणं विसरून गेले, किंवा विसरलो असं त्यांनी स्वतःला सांगितलं. पाच आठवड्यांनी मेहुणीचा फोन आला. बायकोने तो ऐकला आणि खोक्यावर बसली.

"अहो, त्यांच्या मालकीणबाईंनी भाडं दीडपट केलं. महिनाअखेर द्या नाहीतर जागा सोडा म्हणाल्या. तिच्या नवऱ्याची कामं सध्या बसलीयत, दोन साइटी बंद आहेत. ती रडत होती. एवढी राबून फरशी बसवली त्यांनी! बाईंनी शब्द दिला होता हो."

"शब्दाला आजकाल कोण विचारतं," दातवाले म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला. आणि खरी गोष्ट अशी, की वाईट वाटत होतं तरी त्याच्या तळाशी एक बारीकशी गुदगुली होती. संपली एकदाची ती गच्ची! ती गुदगुली त्यांना ओळखू आली, आणि त्यांना स्वतःची किळस आली. पण गुदगुली काही लगेच गेली नाही.

तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्यांचा मोबाइल वाजला. मालकीणबाई होत्या.

"वरचं घर रिकामं होतंय," बाई म्हणाल्या. "भाडं वाढवलंय, पण तुम्हाला ते स्वस्तच पडेल. तुम्हीच तर सांगितलं होतंत. तुमच्यासारखी नोकरदार माणसं मला चालतील. उद्या-परवा कळवा."

दातवाल्यांच्या हातात मेणाचा वरचा जबडा होता, तो तसाच राहिला. दीडपट भाडं धरूनही ते घर त्यांच्या आत्ताच्या घराच्या निम्म्याला पडत होतं. दोन झोपायच्या खोल्या, मुलीला टेबल, ती गच्ची, ती खिडकी. चार वर्षं ज्याच्यावर जळले ते सगळं कुणीतरी ताटात वाढून समोर ठेवलं होतं. फक्त ते ताट साडूपुढून ओढलेलं होतं.

त्यांनी घरी जाऊन बायकोला सांगितलं. फोन आल्याचं तेवढंच सांगितलं, मागचं नाही. त्यांना वाटलं होतं, ती दोन मिनिटं बहिणीसाठी हळहळेल आणि मग म्हणेल, नाहीतरी कुणीतरी घेणारच, मग आपणच का नको? तो विचार त्यांचा स्वतःचा वाटेत तीनदा करून झाला होता.

बायको खोक्यांना दोरी बांधत होती. ती म्हणाली, "त्यांना तुमचा नंबर कुठून मिळाला?"

"मीच दिला होता. घर बघायचं होतं म्हणून."

"आणि तिकडची भाडी इकडची भाडी, हे कुणी सांगितलं त्यांना?"

दातवाल्यांनी एक रिकामं खोकं उगाच सरळ केलं. लग्नाला पंधरा वर्षं झाली की काही गोष्टी न बोलताच ऐकू येतात. बायकोने दोरीची गाठ नीट मारली, कात्री जागेवर ठेवली.

"तुम्हाला तिचं घर खुपत होतं, मला माहीत होतं," ती म्हणाली. "मलाही खुपत होतं. खोटं कशाला बोलू? त्या खिडकीच्या फोटोमुळे मी दोन दिवस तिला फोन केला नव्हता. पण खुपणं वेगळं आणि काढून घेणं वेगळं. बहिणीला उठवून मी तिच्या घरात पाऊल ठेवणार नाही. आणि तिच्या नवऱ्याला तुम्ही स्वतः सांगायचं. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत."

रविवारी दातवाले पुन्हा सहा तासांच्या बसमध्ये बसले. साडू घरी नव्हता. एका अर्धवट इमारतीत काम मिळालं म्हणून रविवारीही गेला होता. दातवाले तिथे पोचले तेव्हा तो हॉलच्या पलीकडच्या टोकाला उकिडवा बसून लाकडी हातोडीने फरशी ठोकत होता.

"तिथेच थांब," मान वर न करता तो म्हणाला. "ओली आहे."

म्हणून दातवाले उंबऱ्याशीच उभे राहिले. मधे वीस फूट ओली फरशी. जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून, हळू आवाजात सांगायचं ठरवून आले होते ते. आता जे काही सांगायचं ते ओरडून सांगावं लागणार होतं, आणि अशा गोष्टी ओरडून सांगताना फार वाईट वाटतात.

"तुझ्या मालकीणबाईंना भाड्याचं मीच बोललो होतो!"

हातोडी दोनदा वाजली. साडूने पातळी पाहिली. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. बाई खोटं बोलत नाहीत. म्हणाल्या, तुमच्याच साडूंनी डोळे उघडले." त्याने एक फरशी उचलली, खालचा थर सारखा केला, पुन्हा ठेवली. "माझ्या बायकोला माहीत नाही. सांगूही नका. दोघी बहिणी आहेत, त्यांचं तरी नीट राहू दे."

आजवर 'अरे दादा' म्हणणारा साडू एका वाक्यात अहो-जाहोवर आला होता. दातवाल्यांना ते शिवीपेक्षा जास्त झोंबलं.

"मला तुझा हेवा वाटला," ते म्हणाले. "फोटो आला की जीव जळायचा माझा."

"जळावा म्हणूनच पाठवत होतो." साडूने आता पहिल्यांदा वर पाहिलं. "सहा वर्षं तुमच्या घरी येऊन सल्ले ऐकले. जुने शर्ट घेतले. दर वेळी तुमच्या तोंडावर ते दिसायचं, बिचारा. म्हटलं, एकदा तरी हा माणूस माझ्याकडे मान वर करून बघेल. तर तुम्ही घरच खाली ओढलंत."

दातवाल्यांना वाटलं होतं तो भांडेल, आणि भांडला तर बरं झालं असतं.

"घर घेताय ना?" साडूने विचारलं. "घ्या. माझ्या हातच्या फरशीवर परक्याने चालण्यापेक्षा तुम्ही चाला."

'हो' म्हणायला त्यांना एक श्वासही लागला नसता. वाट मोकळी होती, आणि मोकळी करणाराच सांगत होता. "नाही," दातवाले म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांच्या डोळ्यांपुढून त्या दोन मोकळ्या खोल्या, ती कोरडी भिंत सरकत गेली. "नाही घेत."

"तुमची मर्जी," म्हणून साडू पुन्हा ठोकायला लागला.

तिथून दातवाले मालकीणबाईंकडे गेले. त्यांनी नकार कळवला आणि साडूसाठी रदबदली केली. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुम्ही सांगितलेला आकडा खोटा होता का?"

"खोटा नव्हता."

"मागच्या गल्लीतलं?"

"तेही खरंच."

"मग मी काय चुकीचं केलं? माझ्या पेन्शनमध्ये या जुन्या घराची डागडुजी भागत नाही. चार वर्षं मी कमी घेतलं, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. आता कळलं ते न कळल्यासारखं कसं करू?"

"फरशीच्या मजुरीचं तरी..."

"ते बोलते मी त्याच्याशी," बाई म्हणाल्या. त्या बोलल्याही. शेवटच्या महिन्याचं भाडं सोडलं. त्याहून जास्त काही निघालं नाही. महिनाअखेर साडूने सामान हलवलं, शहराच्या अगदी कडेला, दोन खोल्यांत. वरचं घर कुणा नव्याने आलेल्या जोडप्याने घेतलं, दुप्पट भाड्याला, घासाघीस न करता. तेही दातवाल्यांच्याच शहरातून आले होते आणि त्यांना ते फुकटच वाटलं.

नोकरी मात्र दातवाल्यांनी घेतली. बायको म्हणाली, "लाज वाटते म्हणून मुलीने जन्मभर ओट्यावर अभ्यास करायचा का?" घर शोधायला त्यांना सहा रविवार लागले. दर घरमालक आधी विचारायचा, "कुठून आलात?" आणि उत्तर ऐकून भाडं वाढवून सांगायचा. शेवटी कडेच्याच वस्तीत, साडूच्या घरापासून दहा मिनिटांवर, एक बरं घर मिळालं. दोन खोल्या, वेगळं किचन, समोर वर्दळीचा रस्ता.

सामान आलं त्या दिवशी साडू न बोलावता आला. त्याच्या बायकोने पाठवलं असणार. बाईच्या जातीला सगळं कधी ना कधी कळतं, मेहुणीलाही कळलंच होतं. तिने ताईशी महिनाभर अबोला धरला आणि मग कंटाळून सोडला. पुरुषांचं तेवढ्यावर भागलं नव्हतं. साडूने कपाटाचं एक टोक धरलं, दातवाल्यांनी दुसरं. "उचला," "डावीकडे," "ठेवा," एवढ्या तीन शब्दांत दोघांनी सगळं घर लावलं.

बहिणी आत भांडी मांडत होत्या. साडू खिडकीशी उभा राहून घाम पुसत होता. त्याने खोली नजरेने मोजली. दातवाल्यांना ती नजर चांगलीच ओळखीची होती.

"किती भाडं?" त्याने विचारलं.

दातवाल्यांनी सांगितलं. खरं तेच सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांना साडूच्या जबड्याचा स्नायू आवळलेला दिसला, कारण साडू तेवढ्याच पैशांत यांच्याहून एक खोलीभर लहान घरात राहत होता. आणि बघा, इतकं सगळं होऊनही दातवाल्यांना आत कुठेतरी बरं वाटलं. त्यांनी ते बरं वाटणं चहाच्या घोटाबरोबर गिळायचा प्रयत्न केला.

साडूने कप खाली ठेवला. "मालक कुठे राहतो?"

"तळमजल्यावर." दातवाल्यांचा कप ओठांशीच थांबला. "का?"

"काही नाही. जाता जाता भेटून जावं म्हणतो. नवीन ओळख."

साडूने दाराकडे एक पाऊल टाकलं. मग साडूच्या ओठाचा एक कोपरा हलला. पुरतं हसू नव्हतं ते, पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच काहीतरी हललं होतं.

"चल रे, दादा," तो म्हणाला. "अजून एक फेरी राहिलीय खाली."

आणि दातवाले त्याच्यामागून जिना उतरले. तळमजल्याचं दार ओलांडून तो पुढे जाईपर्यंत त्यांनी श्वास सोडला नाही.